साठ रकान्यांचा फॉर्म आणि रंगांचा हिशोब: विनफॉर्म्समध्ये कंट्रोल्सच्या गटांचं रूप कोडमधून कसं सांभाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेसाठी विनफॉर्म्समध्ये (विंडोजवरच्या खिडक्या बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) कर्जमागणीचा फॉर्म तयार केलाय, त्यावर साधारण साठ कंट्रोल्स (रकाने, लेबलं, बटणं वगैरे) आहेत. सक्तीचे रकाने फिकट पिवळे हवेत, हप्ता-व्याज असे आपोआप हिशोब होऊन येणारे रकाने राखाडी हवेत, आणि मंजुरीनंतर फॉर्म नुसता बघण्यासाठी उघडला तर काहीच बदलता येऊ नये. एकेका कंट्रोलला एकेक ओळ करत दीडशेच्या वर ओळी झाल्या. मग फॉर ईच लूप लावून पाहिला, तर ग्रुपबॉक्सच्या (रकाने एकत्र ठेवणाऱ्या चौकटीच्या) आतले रकाने सुटले. शिवाय रंग बदलताना फॉर्म लुकलुकतो, सस्पेंडलेआउट लावूनही फरक पडला नाही. हे कमी ओळींत कसं करायचं?

लूपचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. पण तुमची खरी अडचण ओळींच्या संख्येत नाही. कोणता रकाना कोणत्या गटात आहे हे तुमच्या कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, तिथे फक्त रंग लिहिलेत. उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहे, कारण याच चुकीपायी मी एका संस्थेचं नुकसान होताना पाहिलंय, आणि ती चूक माझी होती.

तर आधी लूप. फॉर्मच्या कंट्रोल्स या संग्रहात फक्त फॉर्मची थेट लेकरं असतात, नातवंडं नसतात. ग्रुपबॉक्समधला टेक्स्टबॉक्स हा ग्रुपबॉक्सच्या कंट्रोल्समध्ये असतो. टॅब असेल तर आणखी एक पायरी वाढते: फॉर्म, त्यात टॅबकंट्रोल, त्यात टॅबपेज, त्यात ग्रुपबॉक्स आणि मग कुठे तो रकाना. म्हणून फंक्शनने स्वतःलाच हाक मारत खाली उतरायला हवं. आराखडा मराठीत मांडतो, सी शार्पमध्ये लिहा किंवा व्हीबीत:

रूप_लावा (पालक)
– पालकाच्या कंट्रोल्समधल्या प्रत्येकासाठी:
– – याची भूमिका विचारा. असेल तर त्या भूमिकेचं रूप याला द्या
– – हा नुसता डबा असेल, तर रूप_लावा (हा)

यातल्या ‘नुसता डबा असेल तर’ या अटीवर बोट ठेवतो, कारण जिथे तिथे सापडणाऱ्या तयार तुकड्यांत ती नसते. ते तुकडे लेकरं दिसली की आत शिरतात. आता न्यूमरिकअपडाउन घ्या. बाहेरून तो एकच रकाना दिसतो, पण त्याच्या पोटात एक टेक्स्टबॉक्स आणि बाणांची जोडी अशी दोन कंट्रोल्स असतात. डेटाग्रिडव्ह्यूच्या पोटात स्क्रोलबार असतात आणि सेल संपादित होत असेल तर तिथेही एक टेक्स्टबॉक्स असतो. ‘सगळे टेक्स्टबॉक्स रंगव’ असं सांगून सरसकट आत उतरलात की हे पोटातले टेक्स्टबॉक्सही रंगतात. मग व्याजदराच्या रकान्यात मधली पट्टी एका रंगाची आणि कडा दुसऱ्या रंगाच्या असा प्रकार दिसतो आणि कारण सापडता सापडत नाही. म्हणून उतरायचं ते फक्त पॅनल, ग्रुपबॉक्स, टॅबकंट्रोल, टॅबपेज, स्प्लिटकंटेनर आणि आपण स्वतः केलेल्या यूजरकंट्रोलमध्ये. बाकी सगळ्यांना पान समजायचं, फांदी नाही.

टूलस्ट्रिप आणि मेनूस्ट्रिपवरची बटणं तर मुळात कंट्रोल्सच नव्हेत. ती आयटम्स नावाच्या वेगळ्या संग्रहात राहतात आणि त्यांचं रूप रेंडरर (ती रंगवणारा वेगळा क्लास) ठरवतो. त्यांना या लूपमध्ये ओढू नका.

आता मुख्य गोष्ट.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेसाठी मी जवळजवळ तुमच्यासारखाच फॉर्म केला होता. सभासद क्रमांक, कर्जप्रकार, मागणी रक्कम, दोन जामीनदार हे सक्तीचे रकाने, म्हणून फिकट पिवळे. ‘जतन करा’ दाबल्यावर तपासणी करायची होती, आणि मला ती सोपी वाट सुचली: सगळ्या कंट्रोल्सवरून फिरायचं, ज्याचा बॅककलर (पार्श्वभूमीचा रंग) पिवळा आणि मजकूर रिकामा, तिथे थांबवायचं. लूप आधीच होता, रंग आधीच होता. चार ओळींत काम झालं आणि दोनेक वर्षं बिनतक्रार चाललं.

मग तिथल्या एका लिपिकबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नेहमीचा पडदा त्यांना सहन होईना, म्हणून कोणीतरी त्यांच्या मशीनवर विंडोजचा हाय कॉन्ट्रास्ट चालू करून दिला. त्यात पार्श्वभूमी काळी आणि अक्षरं पांढरी होतात. मी रकान्याचा बॅककलर पिवळा केला होता, फोरकलरला, म्हणजे अक्षरांच्या रंगाला, मात्र हात लावला नव्हता. तुम्ही उघडपणे दिलेला रंग विनफॉर्म्स बदलत नाही, म्हणून पार्श्वभूमी पिवळीच राहिली. न दिलेला रंग मात्र विंडोजकडून येतो, म्हणून अक्षरं पांढरी झाली. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं. बाईंना स्वतः टाइप केलेला सभासद क्रमांक दिसेना.

त्यांचा फोन आला आणि मी त्याच संध्याकाळी दुरुस्ती पाठवली: हाय कॉन्ट्रास्ट चालू असेल तर रंगच द्यायचे नाहीत. अक्षरं दिसू लागली, बाई खूश. आणि त्या मशीनवर त्या क्षणापासून एकही रकाना सक्तीचा राहिला नाही, कारण एकही रकाना पिवळा नव्हता. हे कळलं ते लेखापरीक्षणाच्या वेळी, जामीनदाराचा रकाना कोरा असलेली कर्जप्रकरणं निघाली तेव्हा. त्या प्रकरणांच्या सह्या आणि कागद गोळा करायला संस्थेच्या माणसांना घरोघर फिरावं लागलं.

रंग ही दाखवायची गोष्ट आहे, तिच्यात माहिती साठवायची नाही, हे मी तिथे शिकलो. ‘हा रकाना सक्तीचा आहे’ हे एक विधान झालं. ‘सक्तीचे रकाने पिवळे दिसतात’ हे दुसरं. तुमच्या दीडशे ओळींत ही दोन्ही विधानं एकमेकांत कालवलेली आहेत. प्रत्येक ओळ म्हणते, ‘जामीनदार रकाना पिवळा’. का पिवळा, ते तुमच्या डोक्यात आहे. उद्या संस्थेने सांगितलं की पिवळ्याऐवजी फिकट निळा करा, तर शोधा-बदला करताना तुम्हाला प्रत्येक पिवळ्यापाशी थांबून विचार करावा लागेल की हा सक्तीचा पिवळा आहे की दुसऱ्याच कारणाने पिवळा आहे.

तेव्हा कोडमध्ये आधी भूमिका हव्यात. तुमच्या फॉर्मला तीन पुरतील: साधा, सक्तीचा, हिशोबी. त्यांचा एक इनम (ठरावीक पर्यायांची नावं असलेला प्रकार) करा. दुसरीकडे फॉर्मची अवस्था: भरणी आणि पाहणी. आणि एकेका रकान्यापुरती तिसरी गोष्ट, म्हणजे त्यात सध्या चूक आहे की नाही. मग एकच फंक्शन या तिन्हींवरून रूप ठरवतं. चूक असेल तर ती सगळ्यांवर मात करते. चूक नसेल आणि फॉर्म पाहणीत असेल, तर भूमिका काहीही असो, रूप एकच. तेही नसेल तर भूमिकेप्रमाणे. हा क्रम एकाच जागी लिहिलेला असला की ‘पाहणीत उघडला तरी जामीनदार पिवळाच दिसतोय’ अशा तक्रारी बंद होतात. जतन करतानाची तपासणीही भूमिकेलाच विचारते, रंगाकडे बघतसुद्धा नाही.

मग भूमिका लिहायची कुठे? याच्या चार वाटा मी वापरल्या आहेत.

नावावरून ओळखणं, म्हणजे नावाच्या सुरुवातीला ठरावीक अक्षरं असलेले ते सक्तीचे, ही वाट मी सोडून दिली. नाव बदललं की भूमिका बदलते, आणि नाव बदलणाऱ्याला ते ठाऊकही नसतं.

टॅग प्रॉपर्टीत (प्रत्येक कंट्रोलवर आपल्याला हवं ते लिहायला दिलेल्या जागेत) शब्द लिहिणं लहान फॉर्मला चालतं. डिझायनरमध्ये पाच-सहा रकाने एकदम निवडून टॅगमध्ये ‘सक्ती’ लिहिता येतं, हा तिचा मोठा फायदा. पण टॅग एकच असतो. उद्या दुसऱ्या कोणी त्यात डेटाबेसच्या कॉलमचं नाव ठेवलं की भांडण सुरू. आणि एका ठिकाणी ‘सक्ति’ असा ऱ्हस्व लिहिला गेला तर कंपायलर काही बोलत नाही, रकाना मुकाट्याने गटाबाहेर जातो.

तिसरी वाट म्हणजे फॉर्मच्या कोडमध्ये सरळ यादी: सक्तीचे रकाने हे, हिशोबी रकाने हे, असे दोन ॲरे. ही वाट लोक जुनाट समजतात. मला ती आवडते. एखादा रकाना डिझायनरमधून काढून टाकलात तर बिल्ड तिथेच थांबतं आणि ओळ दाखवतं. नाव बदललं तर व्हिज्युअल स्टुडिओ यादीतही बदलून देतो. सगळा गट एका नजरेत वाचता येतो, आणि झाडासारखं खाली उतरणारं ते फंक्शनच लागत नाही, कारण कंट्रोल थेट हातात आहे. व्हीबी ६ मध्ये कंट्रोल ॲरे होते, एकाच नावाचे आणि इंडेक्सने ओळखायचे. डॉटनेटमध्ये ते गेले तेव्हा आमच्यातले बरेच जण हळहळले होते. ही यादी त्यांची जागा बऱ्यापैकी भरून काढते. तुमचा एकच फॉर्म असेल तर इथेच थांबा, पुढचा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल.

असे पाच-दहा फॉर्म असतील तर मात्र चौथी वाट घ्या: एक्स्टेंडर प्रोव्हायडर. तुम्ही ती रोज पाहता, फक्त नावाने ओळखत नसाल. फॉर्मवर टूलटिप टाकला की प्रत्येक कंट्रोलच्या प्रॉपर्टी खिडकीत ‘टूलटिप ऑन टूलटिप१’ अशी नवी ओळ उगवते ना, ती यामुळेच. तसंच आपण ‘भूमिका’ नावाची प्रॉपर्टी सगळ्या रकान्यांना चिकटवू शकतो. एक कंपोनंट क्लास करायचा आणि त्याला आयएक्स्टेंडरप्रोव्हायडर हा इंटरफेस द्यायचा. त्यात एकच मेथड असते, कॅनएक्स्टेंड: कोणत्या प्रकारच्या कंट्रोलला ही प्रॉपर्टी द्यायची ते ती सांगते. क्लासवर प्रोव्हाइडप्रॉपर्टी हे ॲट्रिब्यूट लावायचं, आणि भूमिका घ्यायची-द्यायची अशा गेट व सेटच्या दोन मेथड लिहायच्या. आत एक डिक्शनरी ठेवायची, कंट्रोल ही किल्ली आणि भूमिका ही किंमत. चाळीसेक ओळींचं काम आहे. एकदा बिल्ड केलं की कंपोनंट टूलबॉक्समध्ये येतो. फॉर्मवर ओढा, मग रकाने निवडा आणि प्रॉपर्टी खिडकीत भूमिकेच्या यादीतून ‘सक्तीचा’ निवडा. इनम असल्यामुळे चुकीचं लिहायला वावच नाही. शिवाय डिक्शनरीतच सगळे भूमिकाधारी रकाने असल्यामुळे फॉर्मभर शोधत फिरावं लागत नाही.

‘सक्तीचा टेक्स्टबॉक्स’ असा वेगळा क्लास काढावा का, असंही कोणी सुचवेल. नको. सक्ती बदलते: कर्जप्रकार सोनेतारण निवडला की तुमच्या संस्थेत जामीनदार कदाचित लागणारच नाही. चालत्या फॉर्ममध्ये कंट्रोलचा क्लास बदलता येत नाही. रक्कम नेहमी उजवीकडे चिकटलेली आणि दोन दशांश दाखवणारी हवी, असल्या कधीच न बदलणाऱ्या गुणासाठी वेगळा क्लास करणं योग्य.

आता रूप लावतानाचे बारकावे. इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.

फोरकलर आणि बॅककलर नेहमी जोडीने द्या, किंवा दोन्ही देऊ नका. वरच्या गोष्टीतली पिवळ्यावर-पांढऱ्याची अडचण एकटा रंग दिल्यामुळेच झाली. जोडी निवडताना अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर किमान ४.५:१ ठेवा. वेबच्या सुगम्यता नियमांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी हाच आकडा आहे आणि डेस्कटॉपलाही तो तितकाच लागू पडतो. हिशोबी रकान्यात राखाडीवर राखाडी अक्षरं देण्याचा मोह होतो. पण हप्त्याची रक्कम हीच तर सभासद काउंटरवरून वाकून वाचायचा प्रयत्न करत असतो. तिथे अक्षरं काळीच राहू द्या.

रंग परत घेताना लोक जुना रंग एका व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवतात आणि परत लावतात. तसं करू नका. बॅककलरला कलर डॉट एम्प्टी द्या. एम्प्टी म्हणजे ‘मी काही सांगत नाही, तुझं तू बघ’. साठवलेला रंग परत लावला तर दिसायला तोच दिसतो, पण आता तो ठोकून बसवलेला आहे. थीम बदलली, हाय कॉन्ट्रास्ट आला, पालकाचा रंग बदलला तरी तो हलत नाही. एम्प्टी दिल्यावर लेबल पुन्हा पालकाचा रंग घेऊ लागतं. टेक्स्टबॉक्सचं थोडं वेगळं आहे: तो पार्श्वभूमी पालकाकडून घेत नाही, विंडोजच्या खिडकीचा रंग घेतो. आणि तो रीडओन्ली (फक्त वाचण्यापुरता) असेल तर आपणहून फॉर्मचा राखाडी घेतो. म्हणजे तुमच्या हिशोबी रकान्यांना मुळात रंग द्यायचीच गरज नाही! रीडओन्ली करा, बॅककलर एम्प्टी ठेवा, राखाडी फुकट मिळतो आणि तो थीमप्रमाणे बदलतोही. रीडओन्ली रकान्यातला एक तिढा सांगून ठेवतो. त्याला फक्त फोरकलर दिलात, समजा थकबाकी लाल दाखवायला, तर तो दिसतच नाही. बॅककलरही उघडपणे दिला की मग दिसतो. कित्येकांनी यावर अर्धा दिवस घालवलाय.

पाहणीसाठी एनेबल्ड (कंट्रोल चालू की बंद हे ठरवणारी प्रॉपर्टी) बंद करण्यापेक्षा रीडओन्ली बरं. एनेबल्ड बंद केलं की टेक्स्टबॉक्सची अक्षरं विंडोज स्वतः फिकी करतं, तुमचा फोरकलर जुमानत नाही, आणि खातेदाराचा नंबर निवडून कॉपीही करता येत नाही. रीडओन्लीत मजकूर स्पष्ट दिसतो आणि कॉपी होतो. अडचण एवढीच की कॉम्बोबॉक्स, चेकबॉक्स आणि डेटटाइमपिकर यांना रीडओन्ली नाही, त्यांना बंदच करावं लागतं. डेटटाइमपिकरचा तर बॅककलर दिला तरी पडद्यावर उमटत नाही. म्हणून सक्तीची खूण नुसत्या रकान्याच्या रंगावर सोडू नका. शेजारच्या लेबलात तारा द्या. लाल-हिरवा किंवा फिकट छटांमधला फरक न कळणारी माणसं तुमच्या काउंटरवरही असतील, त्यांनाही तारा दिसतो. ॲक्सेसिबलडिस्क्रिप्शनमध्ये ‘सक्तीचा’ लिहिलंत तर स्क्रीन रीडरसाठीही ती माहिती उपलब्ध होते. हे सगळं त्याच एका रूप लावणाऱ्या फंक्शनमध्ये बसतं, म्हणून तर भूमिका वेगळी लिहायची.

एनेबल्ड आणि व्हिजिबल या दोन प्रॉपर्टी पालकाकडून आपोआप खाली झिरपतात. जामीनदाराचा आख्खा ग्रुपबॉक्स बंद करायचा असेल तर लूप नकोच, ग्रुपबॉक्सचं एनेबल्ड बंद करा. पण उलट बाजूने वाचताना फसगत होते. व्हिजिबल विचारलं तर कंट्रोल स्वतःचं नव्हे, प्रत्यक्षात दिसतंय का ते सांगतं. फॉर्म अजून दाखवलेला नसेल तर सगळ्यांचं उत्तर ‘नाही’. निवडलेला नसलेल्या टॅबवरच्या रकान्यांचंही ‘नाही’. ‘दिसणारे रकानेच तपास’ अशी अट जतन करण्याच्या फंक्शनमध्ये घातलीत तर दुसऱ्या टॅबवरचे जामीनदार तपासणीतून सुटतील. माझ्याकडे रंगामुळे जे झालं तेच तुमच्याकडे टॅबमुळे होईल.

फॉण्टबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण मराठी लेबलं असलेल्या फॉर्मवर तो रंगाहून जास्त त्रास देतो. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये मूळ फॉण्ट मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ, ८.२५ पॉइंट. डॉटनेट कोअर ३.० पासून सेगो यूआय, ९ पॉइंट. दोन्हींत देवनागरी नाही. मराठी अक्षरं विंडोज दुसऱ्या फॉण्टमधून उसनी आणतं, आणि ती दिलेल्या उंचीत बसतीलच असं नाही. ‘मंजुरी’तला रीचा वरचा पेच किंवा ‘सूची’तला खालचा उकार कापला जातो तो बहुतेक वेळा यामुळे. उपाय: फॉर्मलाच निर्मला यूआय द्या, एकदाच, फॉर्मवर. फॉण्ट ही पालकाकडून येणारी प्रॉपर्टी आहे, टेक्स्टबॉक्सही ती घेतो, त्यामुळे साठ वेळा लावायची गरज नाही. निर्मला यूआय विंडोज ८ पासून सोबत येतो. मंगल गृहीत धरू नका. विंडोज १० पासून तो वेगळा बसवायच्या पर्यायी फॉण्टसंचात गेलाय, आणि फॉण्ट सापडला नाही तर विनफॉर्म्स चूक न दाखवता गुपचूप मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ लावतं. तुमच्या मशीनवर छान दिसणारा फॉर्म संस्थेत कापलेला दिसतो तो असा. डॉटनेट ६ किंवा पुढचं असेल तर ॲप्लिकेशनचं सेटडिफॉल्टफॉण्ट वापरून पहिली खिडकी उघडायच्या आधी सगळ्या ॲपचा फॉण्ट ठरवता येतो, ते उत्तम.

लेबलांचं ऑटोसाइझ चालू ठेवा. फॉर्मचं ऑटोस्केलमोड फॉण्टवर असेल तर फॉण्ट बदलताच सगळ्या मापांचा पुन्हा हिशोब होतो, म्हणून हा बदल फॉर्म चालू असताना पुन्हा पुन्हा करू नका. ठळक शीर्षकांचा वेगळा घोळ आहे. ठळकपणा ही स्वतंत्र प्रॉपर्टी नाही, तो फॉण्टचाच भाग आहे. एका लेबलाला ठळक केलंत की त्याचं नाव आणि आकारही तिथेच गोठतात, पुढे फॉर्मचा फॉण्ट बदललात तरी ते लेबल जुन्यातच राहतं. म्हणून ‘शीर्षक’ हीसुद्धा एक भूमिका करा आणि तिचा फॉण्ट फॉर्मच्या फॉण्टवरून बनवा. लूपच्या आत मात्र प्रत्येक लेबलासाठी नवा फॉण्ट बनवू नका. एकदा बनवा, सगळ्यांना तोच द्या. फॉण्ट जीडीआयची (विंडोजच्या चित्र काढायच्या यंत्रणेची) साधनं खातो, आणि विंडोजमध्ये एका प्रोसेसला मुळात १०,००० जीडीआय ऑब्जेक्टचीच मुभा असते. दिवसभर फॉर्म उघड-बंद करणाऱ्या काउंटरवर ही गळती संध्याकाळपर्यंत ॲप बंद पाडू शकते. सकाळी परत सगळं ठीक, म्हणून कारणही लवकर सापडत नाही.

लुकलुकण्याचं. तुम्ही सस्पेंडलेआउट लावून पाहिलं आणि फरक पडला नाही असं लिहिलंय. पडणारच नव्हता. ते फक्त मांडणीचा हिशोब थांबवतं, रंगवणं नाही. नुसता बॅककलर बदलला तर कंट्रोल ‘मला पुन्हा रंगवा’ अशी नोंद करतो आणि प्रत्यक्ष रंगकाम तुमचं फंक्शन संपल्यावर होतं. त्यामुळे साठ रंग बदलून लुकलुक होत असेल, तर मध्ये कुठेतरी रीफ्रेश किंवा डूइव्हेंट्स (दोन्ही मध्येच रंगकाम उरकायला लावतात) लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. ते शोधून काढा. लूपमध्ये फॉण्ट बदलत असाल तर ते दुसरं कारण. हे दोन्ही काढूनही लुकलुक राहिलीच, तर विंडोजचा डब्ल्यूएम सेटरीड्रॉ हा संदेश फॉर्मला पाठवून रंगकाम थांबवता येतं आणि शेवटी चालू करून एकदा रीफ्रेश करता येतं. पण थांबवलेलं चालू करणं फायनली ब्लॉकमध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) ठेवा. मध्ये एरर आली तर फॉर्म गोठल्यासारखा दिसतो.

हप्त्यांचं वेळापत्रक दाखवणारी ग्रिड असेल तर तिला या सगळ्यातून वगळा. तिची स्वतःची शैलींची उतरंड आहे: सेल, ओळ, एकाआड एक ओळी, कॉलम, ग्रिड. थकलेल्या हप्त्याची ओळ लाल करायला लूप लिहू नका, सेलफॉरमॅटिंग या इव्हेंटमध्ये ठरवा, म्हणजे क्रम लावला तरी रंग बरोबर ओळीबरोबर जातो. शीर्षकांना दिलेला रंग दिसत नसेल तर एनेबलहेडर्सव्हिज्युअलस्टाइल्स बंद करा.

हाय कॉन्ट्रास्ट चालू आहे का ते सिस्टिमइन्फर्मेशनला विचारता येतं. चालू असेल तर रूप लावणाऱ्या फंक्शनने दोन्ही रंग एम्प्टी द्यावेत, तारा आणि वर्णन मात्र तसंच ठेवावं. फॉर्म उघडा असताना कोणी सेटिंग बदललं तर कळायला सिस्टिमइव्हेंट्सचा यूजरप्रेफरन्सचेंज्ड हा इव्हेंट आहे. तो स्टॅटिक (ॲप चालू असेपर्यंत टिकणारा) असल्यामुळे फॉर्म बंद होताना त्यातून नाव काढून घ्यायला विसरू नका, नाहीतर बंद झालेले फॉर्म मेमरीत साठत जातात.

तुमच्या फॉर्मपुरतं सांगायचं तर आज दोन ॲरे लिहा, सक्तीचे आणि हिशोबी. दीडशे ओळी एका कमेंटमागे ठेवून रूप लावणारं एक फंक्शन लिहा आणि ते तीन ठिकाणांहून बोलवा: फॉर्म लोड, पाहणी-भरणी बदल, कर्जप्रकार बदल. जतन करतानाची तपासणी त्याच ॲरेवरून करा. मग डावीकडचा आल्ट, डावीकडचा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबून हाय कॉन्ट्रास्ट चालू करा, जामीनदाराचा रकाना कोरा ठेवा, दुसऱ्या टॅबवर जा आणि ‘जतन करा’ दाबा. फॉर्मने थांबवलं तर ती कमेंटमागची दीडशे ओळींची चळत पुसून टाका.